अंजनाच्या गाडीचं पासिंग

"फेल," लोकेंद्र म्हणाला आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी त्याने पेट्रोल पंपाच्या भिंतीवर मारली.

ती भिंत कधीकाळी पांढरी असावी. आता कमरेखाली ती सगळी लालकाळी झाली होती, आणि त्या घाणीच्या वरच हिरव्या अक्षरांत 'शुद्ध हवा, निरोगी जीवन' असं लिहिलेलं होतं. शालिकरामने पाय मागे घेतला. गाड्यांच्या धुराची तपासणी करायचं दुकान चालवतो, आणि स्वतःच्या तोंडाची तोटी बंद ठेवता येत नाही याला!

"फेल कशी काय गा? मेकॅनिकनं कालच कार्बोरेटर खोलून साफ केला नं."

"किया होगा, काका. मशीन को क्या मालूम तुमने कल क्या किया?" लोकेंद्रने सायलेन्सरमध्ये घातलेली नळी ओढून काढली आणि तिचं काजळलेलं टोक शालिकरामच्या नाकापुढे धरलं. "हे पाहा. पेट्रोल पुरा जळूनच नाही राहिला. आधा तो ऐसेच बाहर फेंक रही तुम्हारी गाडी."

शालिकराम मागे सरकला. व्हॅनला पंधरा वर्षं कधीच होऊन गेली होती. आता आरटीओत नेऊन तिचं पुन्हा पासिंग करायचं होतं. झालं तर पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर फिरणार, नाही तर सरळ भंगारात. आणि पासिंगला नेण्याआधी धुराचं सर्टिफिकेट हवं होतं, जे देणारा हा असा पिचकारीवाला.

गाडी तशी मूळची राहिलीच नव्हती. मधली आणि मागची सीट शालिकरामने काढून टाकली होती. सरकत्या दाराला घडीची लोखंडी फळी लावली होती, ती उघडली की थेट जमिनीला टेकायची. आत चाकं अडकवायला दोन पट्ट्या, डाव्या हाताला धरायला दांडी, पोटावरून घ्यायला पट्टा. चाकांची खुर्चीसुद्धा त्याने सालेकशाच्या वेल्डरकडे बसून बुटकी बनवून घेतली होती, कारण दवाखान्यातली खुर्ची आत गेली की अंजनाचं डोकं टपाला लागायचं. कार्बोरेटर तेवढा भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा होता, आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

अंजना त्याची बायको. मोहफुलं अंगणात वाळत घालताना एका सकाळी तिचं उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. पहिल्यांदा तिला ऑटोत घालून गोंदियाला नेलं, तेव्हा आमगावच्या चौकात वळणावर ती सीटवरून घसरली. लुगडं भिजलं. ऑटोवाल्याने तोंड वाकडं केलं, आणि बघ्यांपैकी एका नालायकाने चक्क मोबाइल काढला. घरी आल्यावर अंजना म्हणाली होती, "मले आता बाहेर नका नेऊ. येथीच मरू द्या."

ती खरंच बाहेर पडेना. तेव्हा शालिकरामने राइस मिलमधून सुटताना मिळालेलं सगळं किडुकमिडुक या जुन्या व्हॅनमध्ये घातलं. उभा जन्म मिलच्या भट्टीपुढे भुसा सारण्यात गेला होता, स्वतःसाठी कधी सायकलसुद्धा नवी घेतली नव्हती. आता दर गुरुवारी दरेकशाहून गोंदियाला व्यायामाच्या दवाखान्यात जायचं, आणि अंजना खिडकीशी ताठ बसून रस्ता बघत जायची. आताशा ती दांडी धरून उभी राहू लागली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की खंड पडला तर सांधे आखडतील, मग कोणाच्या बापाला सुटायचे नाहीत.

"पयले कसं करत होते तुमी?" शालिकरामने विचारलं. विचारतानाच त्याला स्वतःची लाज वाटली.

"पहले? फोटो तुम्हारे नंबर का, नळी मेरी मोटरसायकल में. हो गया." लोकेंद्रने दुःखाने मान हलवली. "आता व्हिडिओ लागते, काका. नळी घालतानी, नंबर दिसतानी, सबकुछ. धंद्याची वाट लावून टाकली."

"मंग दुसरा काई उपाय?"

लोकेंद्र जवळ सरकला. खर्ऱ्याचा वास भपकन आला. "आहे नं. महुए की मारो. पहिल्या धारेची. टंकी में पेट्रोल थोडाच रखो, त्यात एक बाटली टाका, गाडी गरम करून आणा. आपोआप आकडा खाली येते."

"दारू?"

"तो क्या गंगाजल?"

"माह्या घरात दारूचं नावबी निंघत नाई, बावा."

"घर में कौन बोल रहा? टंकी में डालना है." लोकेंद्रने पंपाकडे बोट केलं. "और इसमें क्या है, मालूम? आजकल पेट्रोल में तो सरकार खुद इथेनॉल, मतलब दारूच, मिला रही. पूरा जिल्हा टाकून राहिला, एक तुमीच होय का संत?"

शालिकरामने दार धाडकन लावलं आणि गाडी काढली. काळा धूर मागे सोडत ती निघाली. याचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं त्याने आमगाव सुटेपर्यंत ठरवून टाकलं होतं.

पण ठरवून काय होतं? मेकॅनिककडे दोन दिवस ठाण मांडून त्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, भंगारातून आणखी एक कार्बोरेटर शोधून आणला. पुन्हा त्याच पंपावर, त्याच भिंतीपुढे रांग लावली. पुन्हा फेल. यावेळी लोकेंद्रने फक्त अंगठा तोंडाकडे नेऊन बाटलीची खूण केली आणि फिदीफिदी हसला. मेकॅनिकनेही हात टेकले. म्हणाला, इंजिनच बदलावं लागेल, आणि तेवढ्यात अशी दुसरी व्हॅन येईल. पासिंगची तारीख दोन दिवसांवर आली होती.

त्या संध्याकाळी अंजनाने विचारलं, "गुरुवारी जाऊन राहिलो नं आपन?"

"जाऊन राहिलो, जाऊन राहिलो," शालिकराम म्हणाला, आणि बैलाला पाणी दाखवायच्या निमित्ताने गोठ्यात जाऊन उभा राहिला. बैलाला पाणी कधीच दाखवून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाला ओलांडून चुन्नीलालच्या दारूच्या भट्टीकडे गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अंजना म्हणजे कोणी साधीसुधी बाई नव्हे. धडधाकट होती तेव्हा गावातल्या बाया घेऊन नाल्याकाठच्या भट्ट्या तिने फोडल्या होत्या. मडकी काठ्यांनी फोडली, मोहफुलांचा आंबवलेला सडवा नाल्यात ओतला, आणि चुन्नीलाल हातापाया पडला तरी ऐकलं नाही. मोहाशी तिचं वैर नव्हतं, मोहफुलांचे लाडू करायला तिनेच तर बायांना शिकवलं होतं. वैर होतं ते दारूशी. ती अंथरुणाला खिळली तशा बाया पांगल्या, आणि महिन्याभरात नाल्याकाठी पुन्हा धूर निघू लागला.

भट्टीजवळ आंबूस वास अंगावर येत होता. चोथ्याच्या ढिगावर माशा घोंगावत होत्या, एक कुत्रं तो चोथा खाऊन वेड्यासारखं लोळत होतं, आणि त्याच्या शेजारीच गावातला एक माणूस तोंड उघडं टाकून पडला होता. शालिकरामने नाकाला गमछा लावला.

"अरे बापा! जय भीम, शालिकभाऊ," चुन्नीलाल उठून उभाच राहिला. "वाट चुकले का?"

"एक बाटली पायजे. पयल्या धारेची."

चुन्नीलालने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या बाटलीकडे. हसू त्याच्या गालांवर हळूहळू पसरत गेलं. या दिवसाची त्याने किती वाट पाहिली असेल, ते त्या हसण्यात दिसत होतं.

"कोनासाठी?"

"गाडीसाठी."

"हाव, हाव. सारेच असं कायी ना कायी सांगते. कोनी म्हनते बैलासाठी, कोनी म्हनते पायाले चोळासाठी." त्याने बाटली भरली, झाकणात थोडी ओतून काडी लावली. निळी ज्योत उठली. "पाहा, अस्सल माल. थोडी चाखून पाहा नं."

"नाई."

"चाखा जी! एवढ्या दिवसानं पावना आला."

"नाई म्हनलं नं!" शालिकराम ओरडला. पडलेला माणूस दचकून उठला, डोळे चोळून त्याच्याकडे बघत राहिला आणि खुळ्यासारखा हसला. झालं. आता ही बातमी त्याच्या आधी गावात पोचणार होती.

शालिकरामने पैसे पुढे केले, तर चुन्नीलालने हात मागे घेतले. "तुमच्याकडून पैसे कायले घेऊ? वहिनीले सांगा, चुन्नीलालनं देल्ली म्हनून. माह्या मनात कायी राग नाई."

असा संताप आला शालिकरामला, की बाटली त्याच्या टाळक्यात घालावी. पण बाटली हवी होती. त्याने नोटा चोथ्यावर फेकल्या आणि बाटली गमछ्यात गुंडाळून चोरासारखा निघाला. थू असल्या जिण्यावर! मिलमध्ये सोबतचे सगळे प्यायचे, पगाराच्या दिवशी याला धरून पाजायला बघायचे, आणि याने कधी ओठाला थेंब लावू दिला नव्हता. लग्नात अंजनाने त्याच्याकडून मणी-मंगळसूत्र नव्हे, एवढा एकच शब्द मागून घेतला होता.

आमगावच्या अलीकडे सागाच्या झाडांमध्ये गाडी थांबवून त्याने बाटली टाकीत ओतली. थोडी बोटांवर सांडली, थोडी पँटवर. त्याने बोटं मातीत घासली, पाल्यात घासली, पुन्हा मातीत घासली. व्हॅन चालू केली तर आधी ठसकली, मग एकदम हलका आवाज काढू लागली. तिला मानवली होती दारू!

लोकेंद्रने नळी घातली, मशीनकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. "पास! क्या बोला था, काका? ये कागज संभालके रखो. आणि आता गाडीले चकना बी द्या." रांगेतले सगळे खो खो हसले. शालिकरामने कागद घेतला आणि मान खाली घालून निघाला.

दुसऱ्या दिवशी आरटीओत साहेबाने गाडीभोवती एक फेरी मारली. हॉर्न वाजवून बघितला, दिवे बघितले, लोखंडी फळीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?"

"बायकोसाठी, साहेब. खुर्ची चढवाले."

"बरं," साहेब म्हणाला. धुराचं सर्टिफिकेट कागदांच्या चळतीत तळाशी होतं, ते त्याने उघडूनसुद्धा पाहिलं नाही. उंदीर मेल्यासारखा वास येणाऱ्या त्या हॉलमध्ये सही झाली, आणि व्हॅनला पाच वर्षं मिळाली. शालिकरामला आनंद व्हायला हवा होता. ज्या कागदापायी चुन्नीलालच्या दारी उभा राहिलो, तो बघायचीही कोणाला गरज नव्हती, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

तरी घर जवळ आलं तसं त्याला जरा बरं वाटू लागलं. गुरुवारी अंजना गाडीत बसेल, दांडी धरेल, पुढची पाच वर्षं बसत राहील. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

दारात मंजूच्या चपला होत्या. मंजू म्हणजे अंजनाच्या जुन्या सोबत्यांपैकी एक, भट्ट्या फोडायला पुढे असायची ती. अंजना खुर्चीत बसली होती आणि मंजू तिच्या पायाशी. दोघी त्याच्याकडेच बघत होत्या. शालिकराम काय ते समजला.

"पास झाली," तो म्हणाला.

"काल चुन्नीलालकडं गेले होते तुमी?" अंजनाने विचारलं. एकेक शब्द तिला जिभेवरून ढकलावा लागत होता.

खोटं बोलायची सगळी सोय होती. पडलेल्या बेवड्याचं कोण खरं मानणार? पण तिच्यापुढे त्याला आजवर खोटं बोलता आलं नव्हतं, आणि आता नव्याने कुठून शिकणार?

"गेलो होतो. पन मी नाई प्यालो, अंजना. तुही आन. गाडीत टाकली. त्याच्याबिगर पासच नव्हती होत. दोनदा फेल झाली, मेकॅनिकनं हात टेकले, मंग मी काय करू?" तो भराभरा बोलू लागला. "आन् आजकाल पेट्रोलमधी सरकारच टाकून राहिली, पंपावर लिवलं हाये. सरकार टाकते ते चालते, आन्..."

"सरकारनं काय माह्यासंग लगन लावलं होतं?"

मंजूने मान खाली घातली.

"माहा बाप," अंजना म्हणाली, थांबली, लाळ पुसायला डावा हात तोंडाकडे नेला, "माहा बाप मले पाठवत होता. एवढीशी होती मी. जा पोरी, शिशी घेऊन ये. मी आनत होती. माह्याच हातानं आनलेली पिऊन तो मेला. तुमाले माहीत होतं नं हे?"

"माहीत होतं."

"मंग त्याच्या दारी कायले गेले?"

"तुह्यासाठी गेलो वो! अजून कोनासाठी?" त्याचा आवाज फाटला. "तू घरात सडली असती त्याच्यापरीस..."

"सारेच कोनासाठी ना कोनासाठी जाते," ती म्हणाली. "मी नाई बसत त्या गाडीत."

तो भडकला. भडकला म्हणजे पार वीट आला त्याला सगळ्याचा. त्या पिचकारीवाल्याचा, चुन्नीलालच्या हसण्याचा, कागद न बघणाऱ्या साहेबाचा, आणि हो, अंजनाचासुद्धा. लुळ्या पायांनी एवढा कसला ताठा! दुसऱ्या दिवशी त्याने टाकी उघडून होतं नव्हतं ते बाहेर काढलं, आत पेट्रोल घालून हिसळलं, तेही फेकलं, आणि नवं भरलं. व्हॅन आतून साबणाने धुतली. खुर्चीच्या पट्ट्या घासल्या. ती बघत होती.

गुरुवारी सकाळी त्याने व्हॅन दारात लावली, फळी खाली सोडली आणि आत आला, तर अंगणात मंजू आणि आणखी चार बाया उभ्या होत्या. अंजना लुगडं नेसून, केस विंचरून तयार होती.

"आमी पॅसिंजरनं जाऊन राहिलो, भाऊ," मंजू म्हणाली.

"रेल्वेनं? कसं चढवसाल हिले? पायऱ्या पाहिल्या का त्या डब्याच्या?"

"पाच जनी हाओत."

बायांनी खुर्ची ढकलत गावातून स्टेशनपर्यंत नेली. शालिकराम मागून चालत गेला, अनोळखी माणसासारखा. फलाटावर गाडी लागली. दोघी आत चढल्या, तिघींनी खालून खुर्ची उचलली. अंजना कलली, डब्यातले लोक वाकून बघू लागले, एकाने तर जागेवर बसूनच सूचना द्यायला सुरुवात केली. तिने कोणाकडे पाहिलं नाही. दात घट्ट आवळून तिने डाव्या हाताने दाराची दांडी पकडली. शालिकरामने पुढे होऊन खुर्चीला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," अंजना म्हणाली.

त्याने हात काढला. खुर्ची वर गेली.

"मी येऊ का?" त्याने खालून विचारलं.

अंजना आत वळली होती. मंजूनेच उत्तर दिलं, "तिकीट काढलं असन तं या. पन भाऊ, आमच्या डब्यात नका बसू आज."

तो मागच्या डब्यात बसला. सालेकशाला उतरून त्याने पुढच्या डब्याकडे पाहिलं. खिडकीत तिचं डोकं दिसत होतं, केसांना तेल लावून चापून बसवलेलं. गाडी सुटायच्या आत तो धावत परत येऊन बसला.

आमगावला गाडी खोळंबली, मागची मालगाडी पुढे काढायची होती. तो उतरला आणि या वेळी तिच्या खिडकीपर्यंत गेला. उन्हं चढली होती. अंजना दुसरीकडे बघत होती. त्याने खिडकीचा एक गज धरला.

"भाऊ," मंजूने गजांमधून स्टीलचा गिलास बाहेर दिला, "वहिनीले तहान लागली. नळाचं पानी आनून द्या."

तो जवळजवळ पळतच नळावर गेला. आधी हात धुतले. गिलास धुतला, पुन्हा हात धुतले, पुन्हा गिलास. काठोकाठ भरला आणि सांडू न देता खिडकीशी आणून धरला. अंजनाने त्याच्याकडे न बघता डावा हात बाहेर काढला आणि गिलास घेतला.

तिने तो आधी नाकाजवळ नेला, हुंगला, आणि मग पाणी प्यायली.